देवाला परवापर्यंत मुदत

खळीनं चिकटवलेला कागद गल्लीतली कुत्री चाटून काढतात. आधी कोपरे, मग मधला भाग. बँकेचा शिक्का मात्र सोडून देतात.

आमच्या घरात आषाढापासून वांगं शिजत नाही. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य खंडोबाला दाखवायचा, मग आपण खायचं.

बाबांच्या कंपनीत पगार बारा तारखेला होतो. ठेकेदाराच्या घरी लग्नकार्य असलं तर चौदा.

लाख वितळली की देवळात येतो तसा वास येतो.

माझी आई, सुलभा हणमंत येवले, हिला दोन पोलीस बायकांना उचलता आलं नाही. तिसरी बोलवावी लागली. आई तेव्हा इतकी बारीक होती की तिच्या बांगड्या दंडापर्यंत वर जायच्या.

*

"येवले इथंच राहतात ना?"

हे विचारणारा माणूस आमच्या घरी तीनदा चहा पिऊन गेलेला होता. कुलथे. बँकेचा वसुली अधिकारी. दारावरची पाटी त्याच्या नाकासमोर होती. तरी त्यानं विचारलं, कारण त्याच्या मागे पोलिसांची गाडी होती, एक रिकामा टेम्पो होता आणि सर्कल होते. सर्कल म्हणजे महसूल खात्याचे मंडल अधिकारी. त्यांचं नाव गोळे, पण शिरवळमध्ये त्यांना नावानं कोणी ओळखत नव्हतं.

आई आत झेंडूची माळ ओवत होती. सुई तशीच पदराला टोचून ती दारात आली.

"राहतात की. तुम्हाला साखर कमी लागते, तेसुद्धा माहितीय मला," ती म्हणाली.

कुलथेनं मान खाली घालून फाईल उघडली. "ताई, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आहे. आज घराचा ताबा घ्यायचाय. काका कुठं आहेत?"

"पुण्याला गेलेत. त्याच कामाला. तुमच्यावर स्थगिती आणायला."

"आणतील तेव्हा बघू. आज माझ्याकडे हा आदेश आहे."

मी बारावीला होते. मी बाबांना फोन लावला. बंद. कर्जवसुलीच्या त्या कोर्टात फोन बंद ठेवायला लागतो, हे बाबांनी सकाळी एसटीत चढताना सांगितलं होतं. आणखी एक सांगितलं होतं, आईला: "मी येईस्तोवर दार सोडू नको."

*

पुनर्गठन हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो कुलथेच्याच तोंडून, आमच्याच सतरंजीवर.

बाबांची आधीची कंपनी बंद पडली होती. पाच-सहा महिने हप्ते थकले. मग ठेकेदाराकडे नवीन काम लागलं, तसे बाबा स्वतःहून बँकेत गेले. कुलथे घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "काका, कर्जाचं पुनर्गठन करून घेऊ. हप्ता कमी, वर्षं जास्त. तुम्ही मोकळे. फक्त दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यात पैसे पाहिजेत."

"पगार बाराला होतो साहेब. हप्ता पंधराला ठेवा की."

"सिस्टीममध्ये पाचच येते."

"मग सात दिवसांची सवलत द्या. पाचाचा हप्ता मी बाराला भरतो. पळून कुठं जातोय? घर तर इथंच आहे."

कुलथे हसला होता. "काका, सिस्टीमला सात दिवस कळत नाहीत."

बाबांनी सही केली. आणि दर पगाराला, एकही महिना न चुकवता, पूर्ण हप्ता भरला. बँक त्यातून आधी उशिराचा दंड कापायची, मग पाच तारखेला खातं रिकामं सापडल्याचा दंड कापायची, आणि उरलेलं हप्त्यात धरायची. हप्ता थोडा कमी पडायचा. कमी पडलेल्यावर पुन्हा दंड. बाबा भरत राहिले आणि थकत राहिले. दीड वर्षानं पत्र आलं: पुनर्गठनाच्या अटींचा भंग झाल्यामुळे करार रद्द, संपूर्ण कर्ज व्याजासह एकरकमी भरा. मग साठ दिवसांची नोटीस. मग दारावर खळीनं चिकटवलेला कागद.

बाबांनी पत्र हातात धरून विचारलं होतं, "मी कुठला महिना चुकवला?"

बँकेतल्या बाईंनी संगणकात बघून सांगितलं, "सगळेच."

*

सर्कल घरात शिरले आणि दोन पावलांवर थांबले. मागे वळून त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या.

समोरच्या भिंतीशी घट होता. चौथा दिवस होता, त्यामुळे चार माळा व्हायच्या होत्या. तीन लागलेल्या, चौथी आईच्या ताटात अर्धी. खाली पत्रावळीवर मातीत गहू पोपटी होऊन वर आले होते. विड्याच्या पानांवर खंडोबाचे आणि म्हाळसेचे टाक, त्यांच्यावर भंडारा. आणि शेजारी समई. घट बसल्यापासून उठेपर्यंत ती विझू द्यायची नसते. वाऱ्यानं विझली तरी घरातले लोक महिनाभर धसका घेतात.

"आयला," सर्कल म्हणाले. "षड्रात्र आहे का?"

"परवा चंपाषष्ठी," आई म्हणाली.

टेम्पोबरोबर आलेले दोन हमाल दारातूनच मागे सरले. त्यातला थोरला म्हणाला, "साहेब, आम्ही हात लावत न्हाय. पेटत्या दिव्याच्या घरातनं सामान काढायचं? आमच्याकडं बी घट हाय."

"घट काय फक्त तुमच्याकडेच आहे?" कुलथे चिडला. "जेजुरीचा खंडोबा आमचंही कुलदैवत आहे."

"माझ्याकडं बी बसलाय," सर्कल म्हणाले.

दारातल्या दोन पोलीस बायका एकमेकींकडे बघत होत्या. त्यातली एक हळूच म्हणाली, "आमच्या सासूबाईंनी तर मला आज ड्युटीलाच जाऊ नको म्हटलं होतं."

एकट्या बँकेच्याच घरी घट नव्हता.

एवढ्यात शालनआत्या आली. बाबांची थोरली बहीण, मागच्याच गल्लीत राहायची. गर्दीतून वाट काढत ती थेट घटासमोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात आडवे पसरून म्हणाली, "कुणी पुढं यायचं काम न्हाय! आमचा कुळाचार आहे. देव बसलेला आहे. जो हात लावील त्याच्या घरावर येळकोट उलटेल!"

कुलथे आणि सर्कल बाहेर गेले. पायरीपाशी उभे राहून बोलले. मी दाराच्या आतून ऐकत होते.

"आज ताबा झाला नाही तर सगळं पहिल्यापासून," सर्कल म्हणत होते. "नवीन तारीख, नवीन बंदोबस्त. मला तहसीलदार फाडून खातील. पण दिव्याला मी हात लावणार नाही. तुम्ही लावा."

"मी कशाला लावू?"

"मग वर विचारा कुणाला तरी."

कुलथेनं फोन लावला.

"सर, शिरवळची केस. सर, एक धार्मिक अडचण आहे. घट आहे. दिवा आहे, सर. परवापर्यंत. नाही, आज कागदोपत्री ताबा घेऊ, सामान परवा काढू. हो सर. हो. थँक यू सर."

एवढंच. सतरंजी झटकायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

*

तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. भाऊबीजेला ओवाळणी घेऊन आलेल्या भावासारखा.

"ताई, काम झालं. परवापर्यंतची मुदत मिळाली. घट जिथं आहे तिथंच राहील. दिवा तेवत राहील. तुमच्यापैकी एक बाई आत थांबू शकते, तेलवातीला. बाकीच्यांनी आज बाहेर पडायचं. बाहेरून कुलूप आमचं, वॉचमन आमचा. परवा नैवेद्य झाला की मग सामान हलवू. फक्त इथं एक सही."

"कशाची?"

"पंचनाम्याची. ताबा दिल्याची."

"वाच पनू," आई मला म्हणाली.

मी वाचलं. कर्जदाराच्या पत्नीने सदर मिळकतीचा प्रत्यक्ष ताबा स्वखुशीने व शांततेने बँकेच्या अधिकाऱ्यांकडे सुपूर्द केला असून त्याबाबत तिची कोणतीही तक्रार नाही.

"स्वखुशीने," आई म्हणाली.

"तसंच लिहायची पद्धत आहे," सर्कल म्हणाले. "त्यात काय एवढं."

आत्यानं आईचा दंड धरला. "कर सही वहिनी. देव राहतोय ना! माणसं काय, आज इथं, उद्या माझ्या घरी. तोवर हणमंता येतोय कागद घेऊन. कर."

आईनं पदराला टोचलेली सुई काढली, दोऱ्याच्या रिळात खोचली. मग कुलथेला विचारलं, "आत्ता फोन कुणाला लावला होता?"

"वरिष्ठांना."

"त्यांनी लगेच मुदत दिली."

"हो ना. शेवटी माणसंच आहेत ती, ताई."

"ह्यांनी सात दिवस मागितले होते. दर महिन्याला. याच खोलीत. तेव्हा ह्याच माणसाला फोन लावता आला असता का?"

"तो विषय वेगळा आहे."

"नंबर तोच आहे ना?"

कुलथेनं फाईल मिटली.

"तेव्हा म्हणालात, सिस्टीमला दिवस कळत नाहीत. आता कसे कळले?"

"ताई, देवाची गोष्ट आहे..."

"म्हणजे देव आजपासून तुमचा भाडेकरू," आई म्हणाली. "आणि मी त्याची मोलकरीण. आतून तेल घालायचं, बाहेरून कुलूप तुमचं."

"वहिनी, जीभ आवर!" आत्या ओरडली.

आई घटासमोर जाऊन बसली. मला वाटलं, नमस्कार करतेय. सर्कलांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनीही हात जोडले. आईनं ताटातली अर्धी माळ उचलली, तिला गाठ मारली आणि तेवढीच घटावर घातली. एकेक टाक उचलून कपाळाला लावला, कोऱ्या खणात गुंडाळला आणि पुरचुंडी माझ्या हातात दिली. "पोटाशी धर," म्हणाली.

मग तिनं समईची वात चिमटीत धरली.

फुंकर नाही मारली. देवाच्या दिव्याला फुंकर मारत नाहीत.

चर्र झालं. धुराची एक रेघ वर गेली, माळांपर्यंत, आणि तिथं फाटली. बाहेर हमालानं दोन्ही कान पकडले.

"बाई, काय केलंत हे!" सर्कल म्हणाले.

"आता देव मध्ये नाही," आई म्हणाली. "आता माणसांशी बोला."

ती तिथंच मांडी घालून बसली. काळी पडलेली दोन बोटं तिनं गुडघ्याला पुसली.

"मी खुशीनं देत नाही. सही करत नाही. उठतही नाही. उचला मला. आणि उचललं असंच लिहा."

*

त्यांनी उचललं. आधी दोघींनी, मग जीपमधल्या तिसरीला हाक मारून. आईनं एका हातानं खिडकीचा गज धरला होता. ती ओरडली नाही, रडली नाही, शिवी दिली नाही. सासूबाईंनी ड्युटीला जाऊ नको म्हटलेली पोलीस बाईच रडत होती. आईची बोटं एकेक करून गजावरून सोडवायचं काम तिच्याकडे आलं होतं.

सर्कलांनी पंचनामा नव्यानं लिहिला. कर्जदाराच्या पत्नीने ताबा देण्यास विरोध केला, सबब पोलीस बळाचा वापर करून तिला बाहेर काढण्यात आले. लिहिताना ते प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत होते, आईला ऐकू जावा म्हणून, की स्वतःला, ते मला आजही सांगता येणार नाही.

हमालांना आता अडचण राहिली नव्हती. दिवा नव्हता. गाद्या, मिक्सर, माझी बारावीची पुस्तकं, बाबांची सायकल, सगळं रस्त्याच्या कडेला आलं. पोपटी गव्हाची पत्रावळ त्यांनी अलगद आणली आणि तुळशीच्या कुंडीशेजारी सावलीत ठेवली. कुलथेनं दाराच्या कडीला कापड गुंडाळलं, मेणबत्तीवर लाख धरली आणि थेंब थेंब पाडून वर शिक्का दाबला.

जाताना तो माझ्याजवळ थांबला. "मी प्रयत्न केला होता," तो म्हणाला. "तू शिकलेली आहेस. तू तरी समजून घे."

माझ्या पोटाशी खंडोबा होता, म्हणून मी त्याच्यावर थुंकले नाही. हे कारण खरं आहे. दुसरं काही नव्हतं.

*

बाबा दिवेलागणीला आले. आम्ही सामानावर बसलो होतो. आत्या दहा हात लांब, आमच्याकडे पाठ करून.

बाबांनी लाखेच्या शिक्क्याकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. रस्त्यावरची समई पाहिली.

"दिवा?" त्यांनी विचारलं.

हा पहिला शब्द. आईच्या मनगटावर पोलिसांच्या बोटांचे वळ होते, ब्लाऊजची बाही खांद्यापासून उसवलेली होती. पण पहिला शब्द दिवा.

"विझवला," आई म्हणाली.

"विझला का विझवला?"

"विझवला."

बाबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. स्थगितीचा आदेश होता. त्यांनी तो आईच्या पुढ्यात धरला. "हे बघ. आणलंय. दोन दिवस, सुलभा. दोन दिवस दिव्याला तेल घालून बसायला तुझं काय जात होतं? आत तरी असतो आपण."

"कुलूप त्यांचं होतं."

"पण दिवा आपला होता!"

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. मीठ पाहिजे असलं तर मला सांगायचे, "तुझ्या आईला सांग." आत्याच्या मागच्या खोलीत आम्ही राहिलो, पावसाळा येईपर्यंत आणि सरेपर्यंत. त्या खोलीत आई घासायची, धुवायची, आत्याच्या पापडाच्या लाट्या करून द्यायची. देवघरात मात्र तिला पाऊल टाकायची बंदी होती. बाबांना कावीळ झाली: दिवा विझवला म्हणून. आत्याच्या सुनेचा गर्भ राहिला नाही: दिवा विझवला म्हणून. मला बारावीला कमी मार्क पडले, तेही त्यातच गेलं. लोक दारात येऊन आईला न्याहाळायचे आणि चहा न घेता जायचे. बँकेबद्दल कोणी एक शब्द काढत नव्हतं. कुलथे तर गल्लीत आला की अजून कोणीतरी त्याला खुर्ची द्यायचं.

*

घर परत मिळालं.

पुण्याच्या वकीलबाई स्वतः निकालाची प्रत घेऊन आल्या होत्या, आत्याच्या ओसरीवर बसल्या होत्या. बाबा, आत्या, चुलते, सगळे जमले होते. आई आत परातीत कणीक मळत होती. वकीलबाई म्हणाल्या, "त्यांना बाहेर बोलवा."

आई दारात येऊन उभी राहिली, हात कणकेचे.

"ताई, स्थगिती सकाळीच झाली होती. तुमचे यजमान नक्कल मिळेपर्यंत, फोन बंद ठेवून, दुपारभर खिडकीशी उभे होते. बँकेच्या वकिलानं कोर्टात आपल्या कानानं ऐकली, तरी इकडं फोन केला नाही. पण ही स्थगिती आपल्याला पुढं उपयोगी पडली, का माहितीय? पंचनाम्यात बळजबरी लिहिली होती म्हणून. तुम्ही 'स्वखुशीने'वर सही केली असती तर माझ्या हातातल्या स्थगितीची रद्दी झाली असती. खुशीनं दिलेलं मी कोणत्या तोंडानं परत मागितलं असतं?"

आईनं मान हलवली. "कणीक सुकतेय," म्हणाली, आणि आत गेली.

निकालात असंही होतं की दंडाच्या रकमा पुन्हा मोजाव्यात, पुनर्गठन पुन्हा लागू करावं आणि हप्ता दर महिन्याच्या पंधरा तारखेला घ्यावा. सिस्टीममध्ये पंधरा तारीख आली. काही अडचण झाली नाही.

आत्यानं डोळ्यांना पदर लावला. "शेवटी त्यालाच काळजी," ती म्हणाली. "मल्हारीनं राखलं."

"त्याचीच कृपा," बाबा म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले.

मी वकीलबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी पर्स उचलली आणि निघाल्या.

घर गेलं ते आईमुळे. परत आलं ते देवामुळे. एवढ्या सगळ्या माणसांत या वाटणीला कोणी हरकत घेतली नाही. मी घेतली. मी ओरडले, ओसरीवरचं तांब्याभांडं लाथाडलं. "हिला शिकवून उपयोग काय झाला?" असं चुलते बाबांना म्हणाले.

त्या मार्गशीर्षात आमच्याच घरात, आमच्याच भिंतीशी पुन्हा घट बसला. जागरणाला गोंधळी बोलावले. कुळाचार बिघडू नये म्हणून पूजेला बाबांशेजारी धाकटी चुलती बसली. आई स्वयंपाकघरात भरिताची वांगी भाजत होती, एक भाजलं की दुसरं गॅसवर ठेवत होती. मी तिला म्हटलं, "तू काही बोलत का नाहीस?"

"काय बोलू?" ती म्हणाली. "देठ नीट काढ. काटे असतात."

घर गेलं त्या वर्षी घटाचा सहा दिवसांचा उपास आमच्या कुटुंबात एकट्या आईनं धरला होता.